लेख, रमणा आणि गुणांक

व्यवस्थापनशास्त्राच्या पदव्युत्तर शिक्षणासाठी, म्हणजे रूढ भाषेत एमबीएसाठी, परदेशी विद्यापीठाकडे अर्ज करणाऱ्या उमेदवाराला आज दोन स्वतंत्र जातींचे पुरावे सादर करावे लागतात. जीमॅटसारख्या प्रमाणित परीक्षेतील गुणांक हा पहिला पुरावा, आणि उमेदवाराला जवळून ओळखणाऱ्या वरिष्ठाने किंवा प्राध्यापकाने त्याच्याविषयी लिहिलेले शिफारसपत्र हा दुसरा. पहिल्यात उमेदवाराला न ओळखणारी यंत्रणा त्याला मोजते, तर दुसऱ्यात त्याला ओळखणारा माणूस त्याची हमी घेतो. ही जोडी पाश्चात्त्य विद्यापीठांनी घडवली असा सर्वसाधारण समज असला, तरी विद्येवर उपजीविका करू पाहणाऱ्या माणसाची पारख या दोन्ही रीतींनी करण्याची प्रथा महाराष्ट्रात किमान तीन शतके चालत आली आहे, आणि या दोन रीतींमधील ओढाताणही तितकीच जुनी आहे. तिचा अभ्यास करण्यास त्र्यंबकेश्वर हे क्षेत्र विशेष सोयीचे आहे, कारण तेथे हमीवर चालणारा पौरोहित्याचा व्यवसाय आणि परीक्षेवर उभी असलेली वेदपठणाची परंपरा एकाच गल्लीत, पुष्कळदा एकाच घरात, नांदत आली.

ब्रह्मगिरीच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाचे महत्त्व तिहेरी आहे. ते बारा ज्योतिर्लिंगांपैकी एक आहे, गोदावरीचा उगम तेथे मानला जातो, आणि गुरू सिंह राशीत आला असता दर बारा वर्षांनी भरणाऱ्या सिंहस्थ पर्वात शैव आखाड्यांचे स्नान तेथील कुशावर्तावर होते. आजचे काळ्या पाषाणातील मंदिर नानासाहेब पेशव्यांच्या काळात १७५५ साली बांधावयास घेतले गेले आणि १७८६ साली पुरे झाले असे मानले जाते. पेशव्यांचा हा राजाश्रय आणि सिंहस्थाची गर्दी यांमुळे अठराव्या शतकात येथील तीर्थोपाध्यायांचा, म्हणजे तीर्थावर यात्रेकरूंची धर्मकृत्ये करणाऱ्या वंशपरंपरागत पुरोहितांचा, व्यवसाय भरभराटीला आला. मात्र हजारोंच्या गर्दीत कोणता यात्रेकरू कोणत्या उपाध्यायाचा यजमान, हा प्रश्न दरवेळी नव्याने उभा राही आणि तो सोडवण्यासाठी लेखी पुराव्याची गरज भासे.

हा पुरावा म्हणजे नामावळीच्या वहीतील लेख होय. यात्रेकरू तीर्थविधी आटोपल्यावर उपाध्यायाच्या वहीत आपले नाव, वडिलांचे, आजोबांचे व पणजोबांचे नाव, भावांची व मुलांची नावे, कुळ, मूळ गाव, सध्याचे गाव, येण्याचे कारण आणि मिती लिहून देत असे. जुने लेख बहुतांशी मोडी लिपीत, म्हणजे लेखणी न उचलता भराभर लिहिण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या मराठीच्या घसरत्या वळणात आहेत. लिहिता येणाऱ्या यजमानाने मजकूर स्वदस्तुराने, म्हणजे स्वतःच्या हाताने, लिहावा अशी अपेक्षा असे; लिहिता न येणाऱ्याच्या वतीने दुसरा कोणी लिही. अशा लेखाचा गाभा एकाच वाक्यात असे: अमुक हे आमचे तीर्थोपाध्याय असून आमच्या वंशातील जो कोणी येथे येईल त्याने यांनाच मानावे. चाळीस वर्षांनी त्या घराण्यातील नातू त्र्यंबकला आला की उपाध्याय वही उघडून आजोबांचे अक्षर त्याच्यापुढे ठेवी, आणि दोन उपाध्यायांत वाद झाल्यास ज्याच्याकडे जुना लेख निघे त्याची बाजू बळकट ठरे. लेख देणारे घराणे जितके थोर तितके त्या वहीचे वजन अधिक, त्यामुळे सरदारांचे व संस्थानिकांचे लेख असलेल्या वह्या उपाध्यायांच्या घरी दागिन्यांच्या बरोबरीने जपल्या गेल्या. त्र्यंबकेश्वरमधील पुरोहित घराणी आजही आपल्या अधिकाराचा आधार म्हणून पेशवेकालीन ताम्रपटाचा हवाला देतात आणि ताम्रपत्रधारी हे विशेषण आपल्या नावामागे लावतात. आश्रयदात्याने दिलेल्या हमीचेच हे अधिक टिकाऊ धातूवरचे रूप म्हणावे लागेल.

या लेखात जे नाही तेही लक्षात घेण्यासारखे आहे. उपाध्यायाला संहिता येते की नाही, श्राद्धाचा प्रयोग तो शुद्ध सांगतो की अशुद्ध, याविषयी लेख काहीच सांगत नाही. लेख देणारा आपल्या विश्वासाची साक्ष देतो, उपाध्यायाच्या विद्येची नाही. आणि हा विश्वास वारसाहक्काने पुढे जात असल्याने बापाला मिळालेली हमी लेकालाही पुरते, मग तो लेक ती कमावण्याजोगा असो वा नसो. शिफारसपत्र या प्रकाराची सारी ताकद आणि सारी उणीव या वहीच्या पानात एकत्र पाहावयास मिळते.

त्याच गावात वेदपाठशाळांतून चालणारी दुसरी पद्धत याच्या अगदी उलट होती. ऋग्वेदाच्या दशग्रंथी अध्ययनात संहिता, ब्राह्मण, आरण्यक, शिक्षा, कल्प, व्याकरण, निघंटू, निरुक्त, छंद आणि ज्योतिष असे दहा ग्रंथ मुखोद्गत करावे लागत, आणि त्यांतील एकट्या संहितेतच एक हजार अठ्ठावीस सूक्ते आहेत. त्यापुढे पद व क्रम हे पाठ आणि जटा, घन अशा विकृती, म्हणजे मंत्रातील शब्द ठरलेल्या रीतीने मागेपुढे फिरवून म्हणण्याचे प्रकार, येतात. घनपाठात तीन पदे एक-दोन, दोन-एक, एक-दोन-तीन, तीन-दोन-एक, एक-दोन-तीन अशा क्रमाने म्हणून मगच पाठक पुढील पदाकडे सरकतो, आणि हे करताना प्रत्येक जोडणीत संधी व स्वर बदलत असल्याने क्षणभर मन विचलित झाले तरी चूक ऐकू येते. परीक्षेची रीत याहून साधी आणि कठोर होती: परीक्षकाने संहितेतील कोठलाही मधलाच तुकडा म्हणावयाचा आणि विद्यार्थ्याने तेथून अडखळल्याशिवाय पुढे चालवावयाचे. शास्त्रांच्या अध्ययनात शलाकापरीक्षा प्रसिद्ध होती. तीत पोथीच्या पानांत सळई खुपसून ती जेथे थांबेल त्या पानावरील विषय उमेदवाराने विशद करावयाचा असे. प्रश्न आधी कोणालाच ठाऊक नसावा, परीक्षकाची मर्जी शक्य तितकी बाजूला पडावी आणि चूक उपस्थित सर्वांना कळावी, ही तिन्ही उद्दिष्टे या पद्धतीने कागदाच्या एका चिटोऱ्याशिवाय साधली. तिची मर्यादा एवढीच, की जे पाठ होते तेवढेच तिला मोजता येई.

या दोन रीती राज्याच्या तिजोरीशी जोडल्या गेल्या त्या श्रावणमास दक्षिणेच्या निमित्ताने. सेनापती खंडेराव दाभाडे यांनी तळेगावी सुरू केलेली, विद्वान ब्राह्मणांना श्रावणात दक्षिणा देण्याची ही प्रथा १७३१ साली डभईच्या लढाईत त्यांचे पुत्र त्र्यंबकराव दाभाडे मारले गेल्यानंतर पहिल्या बाजीरावांनी पुण्यास आणली. नानासाहेबांच्या कारकिर्दीत तिचा विस्तार एवढा झाला की कोकण, गोदाकाठ, कृष्णाकाठ, कर्नाटक, थेट काशीपर्यंतचे ब्राह्मण श्रावणात पुण्याच्या वाटेला लागत. शास्त्र्यांची सभा विद्वानांची परीक्षा घेऊन त्यांची दक्षिणा ठरवी, तर सामान्य भिक्षुकांना पर्वतीनजीकच्या रमण्यात, म्हणजे भिंतींनी बंदिस्त केलेल्या विस्तीर्ण आवारात, कोंडून एकेकाला दरवाजातून बाहेर सोडताना ठरावीक रक्कम हातावर ठेवली जाई. म्हणजे एकाच सोहळ्यात वरच्या थरासाठी परीक्षा होती आणि खालच्या थरासाठी केवळ शिरगणती. दक्षिणेचा आकडा फुगत गेला तसतशी परीक्षेची धार बोथट होत गेली, हे सांगण्यास फारशा पुराव्याची गरज नाही; साठ-साठ हजारांच्या गर्दीत कोणाला किती येते हे तपासणे कोणत्याही सभेला शक्य नव्हते.

अशा गर्दीत ओळखीचे माणूस उपयोगी पडते, आणि म्हणूनच या प्रथेविषयी सांगितल्या जाणाऱ्या आख्यायिकांत सर्वाधिक टिकलेली आख्यायिका शिफारशीचीच आहे. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे दक्षिणेच्या वाटपावर बसले असता त्यांचे बंधू याचकांच्या रांगेत आले, तेव्हा शेजारी बसलेल्या नाना फडणिसांनी त्यांना इतरांहून अधिक रक्कम द्यावी असे सुचवले. शास्त्रीबुवांनी मात्र बंधूंची विद्वत्ता सामान्य असल्याने त्यांना सामान्यांइतकीच दक्षिणा मिळावी आणि भाऊ म्हणून काही द्यावयाचे तर ते आपण आपल्या पदरचे देऊ, असे उत्तर दिले. या कथेचा तपशील जसाच्या तसा घडला असो वा नसो, ती पिढ्यान्‌पिढ्या सांगितली गेली यावरूनच अशा निःस्पृहतेचे त्या काळी किती अप्रूप वाटत असे ते दिसते. नियमाप्रमाणे घडणाऱ्या गोष्टीची आख्यायिका होत नाही.

रमण्याच्या दरवाजाविषयी आणखी एक गोष्ट सांगणे अवश्य आहे. परीक्षा आणि शिफारस यांपैकी अधिक न्याय्य कोणती, हा वाद आवाराच्या आत शिरलेल्यांपुरताच होता. ब्राह्मणेतर पुरुषांना आणि सर्व स्त्रियांना त्या परीक्षेला बसण्याचीच मुभा नव्हती, त्यामुळे ती कितीही कसोशीने घेतली गेली असती तरी समाजातील विद्वत्तेची ती मोजणी ठरली नसती. आजच्या प्रवेशपरीक्षांच्या निःपक्षपातीपणाविषयी बोलतानाही या आगाऊ चाळणीचा विसर पडतो.

पेशवाईच्या अखेरीनंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी दक्षिणा एकदम बंद न करता तिच्यासाठी वार्षिक ५०,००० रुपयांची मर्यादा ठरवली, आणि तिच्या एका हिश्श्यातून ६ ऑक्टोबर १८२१ रोजी पुण्यात विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. १८४९ साली लोकहितवादींसह काही सुधारकांनी या निधीचा एक भाग मराठी ग्रंथकारांना बक्षिसे देण्याकडे वळवावा असा अर्ज केला, तेव्हा सनातनी मंडळींनी त्याला कडाडून विरोध केला आणि जोतीराव फुले सुधारकांच्या पाठीशी उभे राहिले. पुढे दक्षिणा प्राइझ कमिटी स्थापन झाली आणि मुंबई विद्यापीठाच्या १८५७ मधील स्थापनेनंतर उरलेल्या निधीतून दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही आरंभीच्या फेलोंपैकी होते. १८५९ साली झालेल्या पहिल्या मॅट्रिक परीक्षेबरोबर छापील प्रश्नपत्रिका, लेखी उत्तर आणि गुणांचा आकडा या गोष्टी मराठी माणसाच्या आयुष्यात आल्या, त्या कायमच्या. जुनी मौखिक परीक्षाही मेली नाही, कारण याच रानड्यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वेदशास्त्रोत्तेजक सभा स्थापन झाली आणि वेद व शास्त्रांच्या परीक्षा घेऊ लागली. नव्या विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एकाने जुन्या परीक्षापद्धतीला संस्थेचे छत्र द्यावे, हे त्या पिढीच्या स्वभावाला धरूनच होते.

याच सुमारास इंग्लंडातही हमीकडून परीक्षेकडे जाणारा प्रवास चालू होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या मुलकी नोकरीत शिरण्यासाठी तोवर संचालकांपैकी कोणाची तरी नेमणूकचिठ्ठी लागत असे. १८५३ च्या सनदी कायद्याने ही पद्धत मोडीत काढली आणि १८५५ पासून खुली स्पर्धापरीक्षा सुरू झाली. ती लंडनमध्येच होत असल्याने आणि वयाची अट कडक असल्याने भारतीयांसाठी तिचा दरवाजा जेमतेम किलकिला होता, तरी १८६९ साली त्यातून आत गेलेल्या चार भारतीयांत श्रीपाद बाबाजी ठाकूर हे मराठी नाव आहे.

मात्र परीक्षेने शिफारशीला हद्दपार केले असे म्हणता येणार नाही, कारण ज्यांच्यासाठी आवाराचा दरवाजाच बंद होता त्यांना तो उघडण्यासाठी कोणाच्या तरी शब्दाची गरज परीक्षेच्या युगातही राहिली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शिक्षणाचा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. कृष्णराव अर्जुन केळुस्कर गुरुजींनी बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांच्याकडे त्यांच्यासाठी शब्द टाकला, महाराजांनी त्यांना काही प्रश्न विचारून पाहिले आणि मगच महिना २५ रुपयांची शिष्यवृत्ती मंजूर केली. पुढे १९१३ साली त्यांना कोलंबिया विद्यापीठात पाठवणारी शिष्यवृत्तीही बडोद्याचीच होती. १९१६ साली ते लंडनला निघाले तेव्हा कोलंबियातील त्यांचे प्राध्यापक एडविन सेलिग्मन यांनी लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे एक संस्थापक सिडनी वेब यांच्या नावे पत्र दिले. केळुस्करांचा शब्द आणि सेलिग्मनांचे पत्र यांत एक साम्य आहे: दोघांनीही उमेदवाराला वाचताना, लिहिताना, वाद घालताना प्रत्यक्ष पाहिले होते आणि स्वतःची पत त्याच्यासाठी पणाला लावली होती. वशिला आणि शिफारस यांतील फरक येथे स्पष्ट होतो. वशिला अपात्राला पात्राच्या पुढे ढकलतो. चांगली शिफारस परीक्षेला जे दिसत नाही ते दाखवते. १९१८ साली आंबेडकर मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले. १९१३ साली स्थापन झालेले हे महाविद्यालय वाणिज्याच्या उच्च शिक्षणाचे भारतातील आद्य केंद्र, म्हणजे आजच्या व्यवस्थापनसंस्थांचे पूर्वज; आणि तेथे पदवीच्या वर्गांना शिकवून गेलेल्या या प्राध्यापकांच्या नेतृत्वाखाली २ मार्च १९३० रोजी नाशिकच्या काळाराम मंदिराच्या दरवाजाशी अस्पृश्यांच्या मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू करावा लागला, तो पुढे पाच वर्षे चालला.

व्यवस्थापनशिक्षणाच्या प्रवेशपरीक्षेचा जन्म अमेरिकेतला. काही निवडक व्यवसायसंस्थांच्या पुढाकाराने १९५४ साली सामायिक परीक्षा सुरू झाली आणि १९७६ साली तिला जीमॅट हे आजचे नाव मिळाले. भारतात कलकत्ता व अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ साली आणि मुंबई विद्यापीठाची जमनालाल बजाज संस्था १९६५ साली उभी राहिली. या तिन्हींना अनुक्रमे एमआयटी, हार्वर्ड आणि स्टॅनफर्ड या अमेरिकन विद्यापीठांचे साहाय्य होते. अभ्यासक्रम, उदाहरणाधारित अध्यापनाची पद्धत आणि परीक्षेची कल्पना तेथून आली, शिफारसपत्राला मात्र येथे बस्तान बसवता आले नाही. अहमदाबाद-कलकत्त्याच्या संस्थांनी कॅट ही प्रवेशपरीक्षा, तिच्यापुढे लेखी चाचणी आणि मुलाखत असा मार्ग धरला, आणि महाराष्ट्रातील बहुतांश महाविद्यालयांचा प्रवेश राज्याच्या सीईटीवर होऊ लागला. कॅटचा निकाल पर्सेंटाइलमध्ये लागतो; ९९ पर्सेंटाइल म्हणजे शंभरातले ९९ गुण नव्हेत, तर परीक्षेला बसलेल्यांपैकी ९९ टक्के लोक उमेदवाराच्या मागे आहेत एवढाच त्याचा अर्थ. २००३ साली कॅटची प्रश्नपत्रिका फुटून परीक्षा पुन्हा घ्यावी लागली, तरी आकड्यावरचा विश्वास ढळला नाही, कारण त्याच्या जागी पत्र आणावे असे कोणालाही वाटले नाही. वशिल्याच्या भीतीने पोळलेल्या समाजाने परीक्षेला कवटाळावे यात नवल नाही.

तथापि महाराष्ट्रातील प्रवेशअर्जाची कागदपत्रे नीट पाहिली तर ती निव्वळ आकड्यावर थांबत नाहीत असे दिसते. अधिवासाचा दाखला, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र यांतून उमेदवाराचे गाव आणि कुळ पुन्हा विचारले जाते, आणि वैधतेसाठी वंशावळीचे प्रतिज्ञापत्र व पूर्वजांच्या जुन्या नोंदी लागतात. ज्या माहितीच्या आधारे एकेकाळी दरवाजा बंद केला जाई तीच माहिती आता तो उघडा ठेवण्यासाठी तपासली जाते. २०२३ साली मराठा आरक्षणाच्या मागणीतून कुणबी नोंदींचा शोध राज्यभर सुरू झाला तेव्हा त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांकडील वंशावळीही चर्चेत आल्या, याचे कारण हेच. आजोबांनी स्वदस्तुराने लिहिलेले नाव, कुळ व गाव यांना लेख लिहिताना कोणाच्या मनातही नसलेले मोल आले.

परदेशी अर्जांपुरते मराठी तरुणांना शिफारसपत्र अजूनही लागते, आणि हैदराबादच्या इंडियन स्कूल ऑफ बिझनेससारख्या संस्थेनेही गुणांकाबरोबर वरिष्ठाचे मूल्यमापन मागण्याची रीत ठेवली आहे. या पत्रांचे आजचे दुखणे उघड गुपित आहे: साहेब उमेदवारालाच मसुदा करून आणण्यास सांगतात आणि खाली सही ठोकतात. म्हणूनच पुष्कळ विद्यापीठे आता पत्र उमेदवाराच्या हाती पडू न देता शिफारस करणाऱ्याच्याच ईमेलवर ठरावीक प्रश्नांचा अर्ज पाठवतात. उमेदवार आपल्या बरोबरीच्यांहून कोणत्या बाबतीत वेगळा आहे आणि त्याला दिलेली सर्वांत महत्त्वाची सूचना कोणती व ती त्याने कशी घेतली, असे त्यांत विचारलेले असते. या प्रश्नांची उत्तरे त्याच्याबरोबर काम केलेल्या माणसालाच देता येतात. हा उपाय योग्य असला तरी तो पाळणे न पाळणे सही करणाऱ्याच्या हाती आहे. ज्याच्याकडे असे पत्र मागितले जाईल त्याने ते स्वतः लिहावे, उमेदवाराविषयी सांगण्याजोगे काही नसेल तर स्पष्ट नकार द्यावा, आणि दुसऱ्याने लिहिलेल्या स्तुतीखाली आपली सही देऊ नये.